दाराचे डोळे

जुन्या दाराची डावी फळी आईंच्या अंगावर पडता पडता राहिली, त्या दिवशी नवीन दार घ्यायचं ठरलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. फळी खालून कुजली होती आणि वरची बिजागरी एका स्क्रूवर लटकत होती. आई गॅरेज झाडायला गेल्या आणि ती सुटली. नशिबाने आडवी न पडता भिंतीला टेकली.

"तिथे झाडायला काय होतं?" मी विचारलं.

"धूळ होती."

गॅरेज चौदा महिने रिकामं होतं. माझा नवरा गाडी घेऊन कामासाठी बाहेरगावी निघाला आणि हायवेवर उभ्या असलेल्या ट्रकवर आदळला. तो आला नाही, गाडीही आली नाही. आता तिथे एका कोपऱ्यात माझी स्कूटर उभी राहायची आणि बाकी सगळी जागा तिच्याकडे बघत बसायची.

माझं मत होतं की दाराच्या जागी भिंत बांधावी, खिडकी ठेवावी, एक खोली तरी मिळेल. आईंनी ते उडवून लावलं. "दार आहे तिथे दारच राहील. उद्या म्हणशील, तुमचंही तोंड बांधून टाकते." रडायच्या जागी चिडायचं, हा त्यांचा स्वभाव. घरात आम्ही दोघीच उरलो होतो. मी वाद वाढवला नाही.

दुकानात नमुन्याची आठ-दहा दारं ओळीने उभी होती. गुंडाळी होणारं शटर, बाजूला सरकणारं, तुकड्यातुकड्यांनी वर छताशी जाणारं. आई प्रत्येक दारावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावत होत्या, जणू कलिंगड घ्यायला आल्या होत्या.

"गाडी कोणती आहे, मावशी?" विक्रेत्याने विचारलं.

"गाडी नाहीये."

"घेणार असाल ना लवकरच?"

"नाही."

त्याने हातातलं पत्रक मिटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "रंग कोणता दाखवू?"

"रंग कसलाही चालेल. आवाज नको."

जुनं दार उघडताना सगळ्या गल्लीला कळायचं. त्या किंकाळीवरून आई गॅसवर चहा ठेवायच्या, कारण मुलगा आला. हे मला माहीत होतं, म्हणून मीही विक्रेत्याला तेच सांगितलं, आवाज नको. आम्ही वर सरकणारं, मोटरवर चालणारं, फिकट राखाडी दार घेतलं.

बसवायला मिस्त्री आला. पन्नाशीचा, कानामागे पेन्सिल, कामात एकदम चोख. त्याने रुंदी मोजली तेव्हा मीही माझ्या टेपने मोजली, तीनदा. तो हसला.

"विश्वास नाही का ताई?"

"सवय आहे हो. मी वजनकाटे तपासते."

ते खरं होतं. मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानांतले, कारखान्यांतले, दवाखान्यांतले काटे आमच्याकडे येतात. प्रमाणित वजन ठेवायचं, तीनदा आकडा वाचायचा, मग लिहायचा. एकदाच वाचलेला आकडा आम्ही धरत नाही.

दोन दिवसांत काम झालं. जुन्या फळ्या निघाल्या, रूळ बसले, स्प्रिंग ताणली गेली. शेवटी मिस्त्रीने दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, काळ्या डबीसारखं काहीतरी लावलं. दोन्हींवर हिरवा दिवा लागला.

"हे दाराचे डोळे. एकमेकांकडे बघत असतात. मधे काही आलं की दार खाली येणार नाही." त्याने मधे रिकामी बादली ठेवली आणि बटण दाबलं. दार निम्मं उतरलं, थबकलं आणि परत वर गेलं. "मांजर आलं तरी कळतं त्याला."

आई पायरीवरून बघत होत्या. गॅरेजमधून घरात यायला दोन पायऱ्या आहेत, त्यातल्या वरच्या. "बरं आहे," त्या म्हणाल्या. दाराला खरंच आवाज नव्हता. त्या रात्रीपासून त्यांना झोप लागायला लागली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला मी कामावरून आले, स्कूटर आत लावली आणि बटण दाबलं. दार निम्मं उतरलं आणि वर गेलं. एका डोळ्याचा हिरवा दिवा विझला होता. मधे काही नव्हतं. मी डोळे रुमालाने पुसले. दोनेक मिनिटांनी दिवा आपोआप लागला आणि दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही.

मला वाटलं, मावळतीचा उजेड डोळ्यात जात असेल. मी पुठ्ठ्याची झडप लावली. काही फरक नाही. आभाळ भरून आलेल्या दिवशीही तेच. सकाळी निघताना दार बिनतक्रार बंद व्हायचं, आणि रविवारी दिवसभर. रविवारी मी घरीच असायचे. अडायचं ते फक्त मी बाहेरून घरी आले की, आणि दोन-चार मिनिटंच.

मिस्त्री आला. डोळे बदलले, वायर बदलली. मी मुद्दाम बाहेर जाऊन एक चक्कर मारून आले. नवीन डोळ्याचा दिवा त्याच्यासमोर विझला.

"आता कमाल झाली," तो म्हणाला. त्याने डोक्याला हात लावला, मग पिशवीतून आणखी एक जोडी काढली. "ही गुडघ्याच्या उंचीवर लावतो. खालची खोटं बोलतेय का ते कळेल."

वरची जोडी लावून झाल्यावर मी पुन्हा चक्कर मारून आले. वरचे दिवे हिरवेच राहिले. खालचा विझला.

मिस्त्री उकिडवा बसून बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत होता. "म्हणजे जे काय आहे," त्याने जमिनीपासून हात वर धरला, "ते एवढंच आहे." मग स्वतःच्याच बोलण्याने ओशाळून हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून एक जादा चपटा काटा घरी आणला. दोन बोटं उंचीचा, दवाखान्यांत असतो तसा. निघायच्या आधी त्यावर पाच, दहा आणि वीस किलोची प्रमाणित वजनं ठेवून बघितली. अचूक होता. संध्याकाळी दाराच्या आतल्या अंगाला, डोळ्यांच्या रेषेखाली तो ठेवला. आकडा शून्य. मग स्कूटरवरून एक चक्कर मारून आले आणि बटण दाबलं.

दार उतरलं, थांबलं, वर गेलं. खालचा दिवा विझला. काट्यावर आकडा आला.

सात किलो सहाशे चाळीस. सहाशे दहा. सहाशे साठ.

आकडा थरथरत होता. माझ्या कामात हे पहिल्या दिवशी शिकवतात. निर्जीव वस्तूचा आकडा एका जागी थांबतो. जिवंत असेल ते श्वास घेतं, हलतं, त्याचा आकडा थांबत नाही. सरासरी काढावी लागते.

मी तीन संध्याकाळी वाचला. सरासरी सात किलो सहाशे चाळीसच आली. ती मी कुठेही लिहिली नाही.

शनिवारी मिस्त्री परत आला. त्याने मनाशी काहीतरी ठरवलेलं दिसत होतं. "ताई, मी डोळ्यांचं कनेक्शनच काढून टाकतो. वायरी एकमेकींना थेट जोडल्या की दार कशालाही न जुमानता खाली येतं. कटकट मिटेल."

त्या दिवशी अर्धा दिवस कामावर जाऊन मी नुकतीच आले होते. खालचा दिवा विझलेला होता. तो स्टुलावर चढला, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. दार निघालं. निम्म्यावर आलं आणि थांबलं नाही.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मी दाराखाली हात घातले होते, आणि मिस्त्रीने स्टुलावरून उडी टाकून दाराला खांदा दिला होता.

"मधे काही नाहीये ताई! काही नाहीये!"

"वायरी काढा. होतं तसं करा."

त्याने होतं तसं केलं. मग घाईघाईने सामान भरलं. जाताना पायरीवरच्या आईंना म्हणाला, "मावशी, त्यांना जरा बघा." त्यानंतर तो आला नाही, आम्हीही बोलावलं नाही.

मी जमिनीवर बसून रडत होते. आई खाली उतरल्या, माझ्याशेजारी बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या खाली बसत नाहीत.

"सांग," त्या म्हणाल्या.

मग मी सांगितलं. तो गेला तेव्हा मला दिवस होते. त्याला माहीत होतं. परत आला की दोघं मिळून आईंना सांगणार होतो. तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, कामावरून मी एकटीच दवाखान्यात गेले आणि संध्याकाळी रिकामी होऊन घरी आले.

"कितवा महिना होता?"

"तिसरा संपत आला होता."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही तेव्हा जेवतसुद्धा नव्हता, आई. अजून एक कसं सांगू?"

आई सरकून जवळ आल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "त्या दिवशी तू आल्या आल्या झोपलीस. मी म्हटलं, हिला काय, नवरा जाऊन महिना नाही झाला नि तिन्हीसांजेला झोपते. मनात म्हटलं हो मी तसं." आणि त्या रडल्या. तो गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघत होते.

काट्याच्या आकड्याबद्दल मी बोलले नाही. त्यांनी तो बघितला होता. दोन मुलं आणि तीन पुतणे वाढवलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ते जन्माला आलं असतं तर त्या आठवड्यात सात महिन्यांचं झालं असतं.

त्या दिवसापासून आई संध्याकाळी पायरीवर येऊन बसू लागल्या. मी स्कूटर लावायची, बटण दाबायची, दार थबकून वर जायचं. मग आम्ही थांबायचो. कोणी घाई करायचं नाही. आई कधी भाजी निवडत असायच्या, कधी नुसत्याच. दिवा लागला की दार बंद करून आत जायचं. आम्ही त्याला नाव दिलं नाही. "आज जास्त वेळ होतं," एवढंच आई कधीतरी म्हणायच्या.

आकडा चढत होता. दर आठवड्याला थोडा, कधी अजिबात नाही. एकदा दोन आठवडे उतरला, तेव्हा आम्हा दोघींचंही जेवणावरचं मन उडालं. मग पुन्हा चढला.

तीन महिन्यांनी, एका मंगळवारी, खालचा दिवा विझला आणि पाठोपाठ वरचा, गुडघ्याच्या उंचीचाही विझला. दोनतीन सेकंदच. मग वरचा लागला. पुन्हा विझला. पुन्हा लागला.

आईंच्या मांडीवरची ताटली घसरली. त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या.

"धरायला काही नाहीये गं तिथे," त्या म्हणाल्या. "पडेल."

मी स्कूटरच्या सीटवरची उशी काढून दारापाशी ठेवली. मी, जी एकदा वाचलेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

आठवड्याभरात वरचा दिवा पूर्ण वेळ विझलेला राहू लागला. काट्यावर आठ किलो नऊशे.

त्यानंतरच्या गुरुवारी दार सरळ खाली आलं.

एका दमात. चारही दिवे हिरवे. काट्यावर शून्य.

मी दार उघडलं. बाहेर रस्ता होता, समोरच्या घराचं कुंपण होतं. पुन्हा बंद केलं. बंद झालं. तिसऱ्यांदाही झालं.

"गेलं?" आईंनी विचारलं.

मी पुन्हा काट्याकडे पाहिलं. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. आम्ही उजेड संपेपर्यंत थांबायचो. पुढचा पुरा आठवडा आई पायरीवर बसल्या, मग एक दिवस आल्या नाहीत. घर पुन्हा पहिल्यासारखं शांत झालं, फक्त या वेळी शांतता दोघींची मिळून होती.

रविवारी सकाळी मी काटा उचलून स्वयंपाकघरात आणला, पुसला. दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता.

"देण्याआधी उभी राहा बघू त्यावर," आई म्हणाल्या. "आरशात बघतेस का कधी? गळ्याची हाडं दिसायला लागलीत."

"गेल्याच महिन्यात ऑफिसात तपासणी झाली. त्रेपन्न किलो आठशे."

"मला दाखव."

मी उभी राहिले. आकडा चढला, थरथरला.

बासष्ट किलो सातशे.

उतरले. शून्य झालं. पुन्हा चढले. बासष्ट सातशे. पुन्हा उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्यांदाही तोच. आणि दर वेळी उतरले की शून्य. आठ किलो नऊशे नव्हे, शून्य.

आई आकड्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"सरळ उभी राहा गं जरा," त्या हळूच म्हणाल्या. "कंबर धरेल."

मी खाली पाहिलं. माझी कंबर डावीकडे काढलेली होती, आणि डावा हात कोपरात वाकून तिच्यापासून वीतभर दूर थांबलेला होता. किती दिवसांपासून, मला माहीत नाही.