नंजीच्या आईचा आवाज

दिवे गेलेच आहेत, तर मेणबत्ती इकडे सरकव आणि ऐक. फक्त मधेमधे 'शक्यच नाही' म्हणायचं नाही. शक्य नाही हे मलाही कळतं. मी तिथं होते, एवढंच सांगते.

आयुधपूजेचा दिवस होता. नव्वदीतली गोष्ट. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पुण्याहून आलेले, आणि आम्ही यशवंतपूरला बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचो. त्या दिवशी सगळं बंगळूर धुऊन निघतं. सायकली, रिक्षा, शिलाई मशीन, अगदी घरातली विळीसुद्धा. मग सगळ्यांना गंध, झेंडू, आणि चाकांखाली लिंबं. ऐन दिवेलागणीला आईच्या लक्षात आलं की घरात उदबत्तीच नाही.

"केतकी, पळत जा आणि बिंदुमाधवकाकांकडून एक पुडा आण. आणि तिथं गप्पा ठोकत बसू नकोस!"

गप्पा ठोकायलाच तर मी जायचे. काका आमच्या गल्लीतलेच, पिढ्यान्पिढ्या बंगळुरात राहिलेले मराठी. त्यांच्या परड्यात पत्र्याची शेड होती आणि तिथं चिंतामणी गावाकडच्या खेड्यांतून आणलेली पोरं उदबत्त्या वळायची. माझ्याच वयाची. त्यातली एक नंजी. सकाळपासून पाटावर काडीला काळा मसाला वळून वळून तिचे तळवे कायमचे काळे झाले होते. शाळेतून आले की मी तिच्याजवळ बसायचे. पाच खड्यांचा खेळ मला तिनं शिकवला, आणि आज मला जी मोडकीतोडकी कानडी येते तीही तिचीच. अजूनही कुठं उदबत्तीचा वास आला की मला देव आठवत नाही, नंजी आठवते.

त्या वर्षी गावभर एका बाईची बोलवा होती. अंधार पडला की ती दारोदार फिरते, आतल्या माणसाच्या आईच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडलं की संपलंच. उपाय एकच. दारावर कानडीत लिहायचं, 'नाळे बा'. उद्या ये. ती वाचते, मुकाट्यानं परत जाते, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचते. आमच्या गल्लीत एकही दार कोरं नव्हतं. बाबा हसायचे, पण आईनं शेजारणीकडून गुपचूप लिहून घेतलं होतं.

काकांना ही बाई फार सोयीची पडली. शेडला कुलूप लावायचं कामच उरलं नाही. "आईच्या आवाजात कोण बोलावलं तर ती आई नव्हे, काय?" असं ते पोरांना रोज बजावायचे. म्हणजे एखाद्याची खरी आई आली असती, तरी आतून कडी निघाली नसती. आज हे आठवलं की त्या माणसाची चीड येते. नंजी विचारायची, "अम्मा कधी येणार?" काका म्हणायचे, "नाळे." तिलाही तेच उत्तर आणि भुतालाही तेच.

तर मी पोचले तेव्हा शेडचं दार धुऊन लख्ख झालेलं. अक्षरं गेली होती. काका पुढच्या अंगणात स्कूटरला हार घालत होते.

"शाणी की गे तू, केतकी. दारावर स्वल्प लिहून टाक, तिथं खडू आहे बघ. माझा हात पूजेत आहे."

मी खूश. ठळक, वळणदार अक्षरात लिहिलं: 'उद्या ये'. मला कानडी लिहिता कुठं येत होतं? काकांनी लांबूनच बघितलं आणि "सरी, सरी" म्हणाले. भूत कानडी आहे, त्याला मराठी वाचता येणार नाही, हे आम्हां दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पुडा घ्यायला मी आत गेले. पोरांनी कडी घातली. तेवढ्यात वीज गेली.

काळोखात मसाल्याचा वास एकदम दाट झाला. पाटावर काड्या वळण्याची खसखस मात्र चालूच होती. त्या पोरांच्या हातांना उजेड लागत नसे. मग ती खसखस एकाएकी थांबली.

दाराशी कुणीतरी उभं होतं. आधी खडूच्या अक्षरांवरून बोट फिरवल्याचा आवाज आला... सावकाश, पुन्हा पुन्हा. आणि मग हाक.

"नंजी... बारे, नंजी. चल, घरी जाऊ."

किंचित घोगरा, मायेनं ओथंबलेला आवाज. नंजी उठून उभी राहिली.

"अम्मा," ती म्हणाली.

"नव्हे गं! तीच आहे ती..." कोपऱ्यातून कुणीतरी कुजबुजलं.

मी नंजीचा परकर घट्ट धरला. "उघडू नकोस. मरशील."

माझी बोटं एकेक करून सोडवत ती म्हणाली, "असू दे. कोण का असेना... घरी चल म्हणतेय ना मला?"

कडी सरकली. बाहेर गल्लीभर पणत्या होत्या. दारात कुणीच नव्हतं. नंजी मात्र कुणाचं तरी बोट धरल्यासारखा हात वर करून चालत गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. मी रडत घरी आले. रात्री मला ताप भरला.

काकांनी खूप शोधलं. मग दारावर कानडीत मोठाली अक्षरं रंगवून घेतली. बाकीची पोरं उदबत्त्या वळत राहिली. नंजी मेली असंच मी धरून चालले होते.

कार्तिकात आई मला बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेला घेऊन गेली. शेंगांच्या ढिगाऱ्यांमधून चालताना माझ्या नावानं हाक आली. नंजी! एका ढिगामागे, केसांत अबोली माळून, चांगली धडधाकट. मी तिला मिठीच मारली. शेजारी तिची आई बसली होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, पण बोलली काहीच नाही.

"अम्माला बोलता येत नाही आता," नंजी म्हणाली. "त्या दिवशी चुलीपाशी बसून माझ्या नावानं रडत होती. रडता रडता आवाजच गेला. मी त्याच आवाजामागं चालत घरी पोचले. उंबऱ्यापाशी आवाज थांबला. दारात अम्मा उभी... तिनं तोंड उघडलं, तर काहीच नाही."

"मग तो आवाज गेला कुठं?"

नंजीनं खांदे उडवले. तिची आई माझ्या पिशवीत शेंगा ओतू लागली.

आणि तेवढ्यात गर्दीतून हाक आली. किंचित घोगरी, मायेची. "सुब्बी... बारे, सुब्बी. चल, घरी जाऊ."

पलीकडे फुगे विकणारी एक चिमुरडी थबकली. तिनं फुग्यांची काठी खाली ठेवली आणि हात वर करून गर्दीत चालू लागली.

मी नंजीच्या आईकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. तिनंही तो आवाज ऐकला होता. त्या दिशेनं तोंड करून तिनं हात जोडले आणि सुब्बी दिसेनाशी होईपर्यंत ते खाली घेतले नाहीत.