गुरुवारी संध्याकाळी खानावळ बंद

१९७६ सालच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असायची, आणि कारखान्यांना सुट्टी म्हणजे शालनबाईंच्या खानावळीलाही अर्धी सुट्टी. संत तुकाराम नगरातल्या आपल्या दोन खोल्यांत त्या दुपारी मेंबरांना गोडाधोडाचं जेवण घालायच्या आणि संध्याकाळी चूल बंद. मग सगळे मेंबर पोटाची सोय बघायला गावभर पांगत.

शालनबाईंची मुलगी पद्मजा एका वर्कशॉपात टायपिस्ट होती आणि घरी मेंबरांना वाढायची. वडील गेल्यापासून त्या खानावळीवरच घर उभं होतं. शालनबाईंचा नियम कडक होता : त्यांना सगळ्यांनी मावशी म्हणायचं, पद्मजाला ताई.

त्या गुरुवारी पद्मजा दोरे आणायला पिंपरी कॅम्पात गेली. एका सिंध्याच्या गाडीवर छोल्यांचं पातेलं रटरटत होतं. त्यानं डबलरोटीचे तुकडे केले, वर गरम छोले ओतले, चिंचेची चटणी, कच्चा कांदा... वासानंच तिचे पाय थांबले. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. तिनं पहिला घास घेतला आणि मागून आवाज आला –

"अहो! खानावळ सोडून इथं काय करायलात?"

नंदकिशोर. खानावळीचा नवा मेंबर, परभणीकडचा, कारखान्यात ज्युनिअर इंजिनिअर. पद्मजाला ठसकाच लागला. खानावळवालीची मुलगी गाडीवर खाते म्हटल्यावर लोक काय म्हणणार? घरच्या अन्नाला चव नाही, असंच ना!

"आईला सांगाल?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"नाही सांगणार. पण एक अट आहे."

"कसली?"

"मी आल्यापासून दर गुरुवारी स्टेशनवर भजीच खायलोय. पुढच्या गुरुवारी आणखी एखादी जागा दाखवा."

"आणि नाही दाखवली तर?"

"तर... भजी खाईन. अन् तुमची आठवण काढीन."

पद्मजा वळून चालायला लागली. पण हसू काही आवरेना.

पुढच्या गुरुवारी ती त्याला चिंचवड स्टेशनजवळच्या उडप्याकडे घेऊन गेली. बाईमाणूस दिसताच वेटरनं हिरवा पडदा बाजूला केला. "फॅमिली?"

नंदकिशोर कानापर्यंत लाल झाला. पद्मजाच म्हणाली, "हो."

पडद्याआड दोघं समोरासमोर बसली. डोसा आला. कडा सोनेरी, मधून वाफ.

"एक विचारू?" पद्मजा म्हणाली. "सगळे मेंबर मला ताई म्हणतात. तुम्ही नुसतं, अहो, भाजी... अहो, ताक... असं का?"

तो सांबारात चमचा फिरवत राहिला. "जमत नाही."

"काय जमत नाही?"

"ताई म्हणणं... नाही जमत."

एवढंच. पण त्या संध्याकाळी चटणीत मीठ होतं की नव्हतं, ते पद्मजाला घरी गेल्यावर सांगता आलं नसतं.

मग गुरुवार येत गेले. कॅम्पातली कचोरी झाली, हायवेवरच्या सरदारजीची तंदुरी रोटी झाली, कासारवाडीची मिसळ झाली. तिखट लागलं की नंदकिशोरच्या डोळ्यांतून धारा लागत आणि तरी तो म्हणे, "छान आहे, खूप छान!" एकदा दोघांनी रजा काढून चाकणचा शनिवारचा बाजार गाठला. कांद्याचे ढीग, मिरचीचा खकाणा, शेव-गुडदाणीच्या पाट्या. मोशीच्या तानाबाई नावाच्या एक आजी भाजलेल्या शेंगा विकत बसल्या होत्या.

"जोडीनं आलाय व्हय? घ्या की, ग्वाड हायेत."

"नाही हो आजी, आम्ही..." पद्मजा अडखळली.

"हिला न्हाई म्हणू दे. तुज्या तोंडाला काय झालं रं?" तानाबाई नंदकिशोरला म्हणाल्या.

नंदकिशोरनं पैसे काढले. दोन पुड्या घेतल्या आणि हसला.

परतीच्या एसटीत त्यानं विचारलं, "मावशींशी बोलू?"

पद्मजाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "नको. लोक म्हणतील, शालनबाईंनी जावई धरायला खानावळ घातली. आईबाप आपली पोरं विश्वासानं आमच्याकडे पाठवतात. आईचं नाव गेलं की खानावळ गेली... आणि खानावळ गेली की आई गेली."

मोशी मागे पडलं. भोसरी आलं. मग तो हळूच म्हणाला, "अन् मी मेंबरच नसलो तर?"

पुढच्या पहिल्या तारखेला त्यानं खानावळ सोडली. शालनबाईंना एवढंच सांगितलं, "दुसरीकडे सोय झालीय." पण खानावळ चालवणाऱ्या बाईला या वाक्याचा एकच अर्थ कळतो. त्यात जुने मेंबर रंगराव मिस्कीलपणे म्हणाले, "मावशी, साहेबांना आमटी पातळ लागत असणार!"

शालनबाईंना ते लागलं. "ताटाला नाव ठेवून गेला," त्या दिवसभर पुटपुटत. पद्मजा ऐकायची. एक शब्द बोलली असती तर सगळंच बाहेर आलं असतं. ती गप्प राहिली, आणि अशा माणसासाठी आता आईकडे शब्द तरी कसा टाकायचा, या विचारानं कुढत राहिली.

फेब्रुवारीत रंगराव बातमी घेऊन आले. "मावशी, नंदकिशोरला कावीळ झालीय. खोलीवर एकटा पडलाय, पिवळाजर्द."

शालनबाई कणीक मळत होत्या. त्यांनी हात धुतले आणि तांदूळ काढले. "राग आहे माझा. पण माझ्याकडे जेवलेला पोरगा उपाशी नाही राहणार." मऊ भात, गोडं ताक, डबा भरला आणि स्वतः निघाल्या. पद्मजा मागोमाग.

नंदकिशोर भिंतीला टेकून बसला. शालनबाईंनी डबा उघडला. "खा. आणि आता खरं सांग. माझ्या हाताला काय कमी होतं?"

त्याचा घास हातातच राहिला. "काही कमी नव्हतं, मावशी. तुमच्या ताटात जेवायचं अन् तुमच्याच मुलीला मागणी घालायची... बरं दिसलं नसतं. म्हणून ताट सोडलं."

 शालनबाईंनी मान वळवली. "तुला ठाऊक होतं?"

"हो," पद्मजा म्हणाली.

"आणि हा गाड्यांवर खाऊन पिवळा होईतो गप्प बसलीस? या परभणीच्या पोराला गाड्या दाखवल्या तरी कुणी?"

पद्मजानं फरशीकडे पाहिलं. नंदकिशोर घाईघाईनं म्हणाला, "मावशी, भात फार छान झालाय."

शालनबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ हसल्या, आणि मग तोच पदर डोळ्यांना लावला.

"लोक बोलतील, पद्मा."

"बोलतील, आई. पण यानं तुझं नाव राखायला स्वतःचं पोट मारलं. असा माणूस पुन्हा नाही मिळायचा."

शालनबाईंनी ताटात आणखी भात वाढला. "बरा हो. मग आईवडिलांना घेऊन ये. तोवर डबा येईल. मेंबराचा नाही, पाहुण्याचा."

नंदकिशोर बरा झाला, त्याचे आईवडील येऊन गेले आणि त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी, सगळे मेंबर पानावर असताना, शालनबाईंनी स्वतःच्या तोंडानं लग्न जाहीर केलं. रंगराव म्हणाले, "म्हणजे आमटी पातळ नव्हती तर!"

एकाही आईबापानं पोरगा काढून नेला नाही. खानावळ पुढं बरीच वर्षं चालली. रंगराव निवृत्त होऊन साताऱ्याला गेले. गेले तरी दर दिवाळीला शालनबाईंना नमस्कार करायला येत. तानाबाई पुन्हा चाकणच्या बाजारात दिसल्या नाहीत. पद्मजानं पुष्कळ शोधलं. नंदकिशोर मॅनेजर होऊन निवृत्त झाला. तिखट त्याला आजही सोसत नाही आणि आजही तो "छान आहे" म्हणतो.

शालनबाईंना त्या दोघांनी पहिल्यांदा हॉटेलात नेलं तेव्हा त्या जेवण होताच उष्ट्या ताटल्या गोळा करायला लागल्या. पद्मजानं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "किती वर्षांनी मला कुणी वाढलं गं," एवढंच त्या बोलल्या. मग वाढणाऱ्याला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "तू जेवलास का रे?"

शालनबाई आता नाहीत. पद्मजा मात्र कुठंही खायला गेली, गाडी असो की मोठं हॉटेल, तर निघताना वाढणाऱ्याला हे विचारल्याशिवाय उठत नाही.