हवावालीची शेवटची ओळ

रविवारी कंत्राटदाराची माणसं गॅसकटर घेऊन येणार होती आणि हवावाली कापली जाणार होती. त्याआधी, शनिवारच्या एका दिवसात, मोहियुद्दीन पारकरला तिच्या पोटात शिरून पितळेची एक पाटी वाचायची होती. काम एवढंच. पण त्या पाटीवर त्याच्या बापाची अब्रू कोरलेली होती की बापाचा गुन्हा, हे खुद्द बाप सोडला तर कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि बाप सत्तेचाळीस वर्षं तोंड मिटून बसला होता.

सौदीच्या किनाऱ्यावरच्या राबिगच्या कोळीबंदरातून होडी निघाली तेव्हा दर्या पितळी परातीसारखा सपाट होता. होडीत तिघं. इंजिनावर कादिर मुकादम, गेली वीस वर्षं याच किनाऱ्यावर कफीलची, म्हणजे अरब मालकाची, होडी चालवणारा. मधल्या फळीवर पद्मिनी राजवाडे. ती जवळच्या इकॉनॉमिक सिटी या नव्या शहराच्या बंदराजवळ एका कंपनीत हवामानाचं काम बघायची आणि या जहाजाचा इतिहास तिनेच खणून काढला होता. पुढच्या टोकाला, नाळेवर, मोहियुद्दीन. जेद्दाच्या बलदमध्ये, जुन्या बाजारात, त्याचं हाजींच्या कापडाचं दुकान. वय पंचावन्न, पोट सुटलेलं, आणि हाताला दोराची सवय उरलेली नाही.

"अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या आत परत," कादिरने बजावलं. "समुद्रात जायची तस्रीह, परवानगी, तेवढ्यापुरतीच आहे. किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्यांनी होडी अडवली तर इथे राहायचा इकामा माझा जाईल, तुमचा नाही."

तेवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. दाभोळच्या खाडीकाठी या दोघांची घरं एका हाकेच्या अंतरावर होती. पण पारकरांच्या विहिरीचं पाणी मुकादमांनी सत्तेचाळीस वर्षांत चाखलं नव्हतं. मुकादमांकडच्या लग्नात बायका डफावर गायच्या,

*सारंगाची कुऱ्हाड दोराला लागली,*
*उमरची नाव दर्याने सांगली.*

उमर म्हणजे कादिरचा बाप. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, मोहियुद्दीनचा बाप इब्राहीम. मोहियुद्दीनच्या मुलीच्या सासरी हेच गाणं पोचलं, आणि पोरगी महिनाभर माहेरी येऊन रडली. तेव्हापासून त्या दोन ओळी त्याच्या छातीत माशाच्या काट्यासारख्या अडकून होत्या.

वाटेत पद्मिनी जहाजाबद्दल सांगत राहिली. सांगताना एखाद्या थोरल्या आत्याबद्दल बोलावं तसा तिचा आवाज मऊ व्हायचा. युद्धात ही फ्रिगेट जातीची युद्धनौका होती, 'थॉर्न बे' नावाची. अटलांटिकच्या काळ्या पाण्यात मालवाहू जहाजांच्या तांड्याची राखण करायची. एक पाणबुडी बुडवली, बुडत्या जहाजांवरची त्रेसष्ट माणसं वर काढली. युद्ध सरलं, तोफा उतरवल्या, मागच्या डेकवर टिनाची उंच खोली उभी राहिली आणि तिचं नाव झालं 'वेदर कीपर'. मग वर्षानुवर्षं भर समुद्रात एकाच ठरल्या जागी ती उभी. दर तीन तासांनी वारा मोजायचा, त्या खोलीतून बलून सोडायचे, आभाळाची खबर किनाऱ्याला कळवायची. जी दुसऱ्यांच्या मागे धावून मारायची, ती दुसऱ्यांसाठी जागची हलेना.

"आणि शेवटी भंगारात," कादिर म्हणाला.

"हो. सत्त्याहत्तर साली. टगबोटीने ओढत मुंबईला न्यायची होती."

ओढून नेल्या जाणाऱ्या या जहाजावर सहा कोकणी खलाशी होते. त्यांनीच तिला हवावाली म्हणायला सुरुवात केली. तांबड्या समुद्रात वादळ उठलं, दोर तुटला, उमर गेला, जहाज प्रवाळाच्या कड्यावर चढलं. चौकशीत इब्राहीम सारंग एकच वाक्य बोलला, "दोर मी तोडला." का, कसा, उमर तेव्हा कुठे होता, यावर एक अक्षर नाही. बाकीचे चौघं तेव्हा खाली होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. उमर दोराजवळ असताना न ओरडता, न सांगता घाव घातला, असंच गाव समजलं. अन् हा कादिर तेव्हा आईच्या पोटात होता.

तीन महिन्यांपूर्वी त्या सहांतला, इब्राहीमखेरीज उरलेला एकटा, जहाजावरचा स्वयंपाकी भंडारी हसन बाणकोटात आजारी पडला. मोहियुद्दीनला बोलावून म्हणाला, बलूनच्या खोलीत दारामागे जहाजाच्या कारकिर्दीची पाटी आहे. कड्यावर अडकलो तेव्हा सारंगाने दोन दिवस तिच्यावर छिन्नी मारली आणि वर शेंदरी रंग फासला. मी अडाणी, मला वाचता येईना. मोहियुद्दीनने अब्बांना विचारलं तर ते भिंतीकडे वळून झोपले आणि एवढंच म्हणाले, की मेलेल्या जहाजाला छळू नये.

"पद्मिनीताई का येतात ते मला कळतं," मोहियुद्दीनने होडी ठरवताना कादिरला म्हटलं होतं. "पण तू?"

"तुमच्या बापाने माझा बाप मारला, हे त्याच्याच हातचं लिहिलेलं असेल," कादिर म्हणाला होता. "ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय, मोहियुद्दीनभाय. मग खलास."

दहा वाजता हवावाली दिसली. गंजाने लाल झालेली, एका कुशीवर कलंडलेली, नाळ प्रवाळावर आणि मागचा भाग कड्याच्या बाहेर अधांतरी. खाली पाण्याचा निळा रंग एकदम काळा होत होता. तिथे तळ नव्हता. आणि बलूनची ती टिनाची खोली नेमकी त्या अधांतरी टोकावर!

पद्मिनीने हातातलं वारामापक वर धरलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. उत्तरेकडचा शमाल वारा दुपारनंतर उठणार होता. तो आत्ताच कुजबुजायला लागला होता.

"दीड तास देते," ती म्हणाली. "लाटा कड्याच्या वर फुटायला लागल्या की हे जहाज झोके घेणार. त्यानंतर मी हाक मारीन. वाद घालायचा नाही."

होडी प्रवाळापासून दूर धरून ती इंजिनावर बसली. मोहियुद्दीनने उडी मारली. गुडघाभर पाणी, खाली काचेच्या तुकड्यांसारखं प्रवाळ, मध्ये समुद्री साळिंदरांचे काळे काटे. दहा पावलांत त्याच्या बुटाचा तळ फाटला. पंधराव्या पावलाला तो घसरला, आणि गळ्यातली मोबाइलची पिशवी खरकन फाटून फटीत गेली. हात घालून बघतो तर फटीतून एक जाडा वाम मासा जबडा वासून बाहेर आला! त्याने हात मागे ओढला. फोन गेला. दोघांत तो एकच होता, म्हणजे पाटीचा फोटोही गेला. उरली खांद्यावरची थैली: छिन्नी, हातोडा, स्क्रू ड्रायव्हर, पाण्याची बाटली आणि हाताला गुंडाळायला दुकानातल्या इहरामच्या, हाजींच्या पेहरावाच्या, ताग्याचा उरलेला पांढरा तुकडा.

मागून येणाऱ्या कादिरने हे पाहिलं. हात पुढे केला नाही. "कापडवाल्याने कापड मोजावं," एवढं पुटपुटला.

कुशीला पडलेल्या भगदाडातून दोघं आत शिरले. आत भट्टी होती. पोलादाला हात लावला की कातडी चिकटायची. जिना भिंत झाला होता, भिंत जमीन झाली होती. गंजाचे पापुद्रे डोळ्यांत उडत होते. खालून कुठूनतरी पाणी आत-बाहेर होत होतं, म्हाताऱ्या छातीतल्या श्वासासारखं. मोहियुद्दीनला वाटलं, ही मेलेली नाही, ही निजलीय, आणि आपण हिच्या निजेत नखं रोवतोय.

शेवटच्या दाराशी कादिर थांबला. पुढचा डेक चाळणी झाला होता. फटींतून तळ नसलेलं काळं पाणी दिसत होतं. दोघांचं वजन तो पेलणार नव्हता.

"जा," कादिर म्हणाला. "तुमच्याच बापाचं अक्षर आहे."

मोहियुद्दीन पोटावर झोपून सरकला. एक फळी. दुसरी. तिसरी कर्रकन वाकली! त्याने श्वास धरला. दाराची चौकट हाती लागली, आणि तो बलूनच्या खोलीत आला. छत केव्हाच उडालेलं. चौकोनी आभाळ तेवढं वर टांगलेलं होतं. एके काळी इथून पांढरे बलून त्या आभाळात जात असतील. दारामागे हात फिरवला. गंजाच्या खवल्यांत एक गुळगुळीत चौकोन लागला. शेंदरी.

तो खरवडू लागला. थराखालून इंग्रजी अक्षरं वर आली. तांड्याची राखण, पाणबुडी, त्रेसष्ट माणसं, वेदर कीपर, स्टेशन. नीट, यंत्राने कोरलेल्या ओळी. आणि त्यांच्याखाली, वेडीवाकडी, हाताने ठोकलेली देवनागरी. दाभोळच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची.

*१९७७. दोर उमरने तोडला. मी नको म्हटलं होतं. टगवरची अकरा वाचली. उमर गेला. वारा वायव्य. इब्राहीम सारंग.*

मोहियुद्दीनने ते तीनदा वाचलं. वादळात जड हवावाली टगबोटीला उलथवत होती, अकरा माणसांसकट. दोर तोडला तर ती माणसं वाचणार, पण तोडणाऱ्याला सुटल्या दोराचा तडाखा बसणार. इब्राहीमने नको म्हटलं. उमरने ऐकलं नाही. आणि मग कोकणच्या खलाशांची ती जुनी रीत! जहाजावर कुणाच्याही हातून काही होवो, बाहेरच्यापुढे सारंगाने म्हणायचं, मी केलं. माणूस सारंगाचा, तर त्याचं कामही सारंगाचं. अब्बांनी चौकशीत रीत पाळली होती. गावाने ती कबुली समजून गाण्यात बांधली.

एवढ्यात खोली हलली. बाहेर लाट फुटल्याचा दणका, आणि त्यामागून पद्मिनीची लांब हाक.

मोहियुद्दीनने स्क्रू ड्रायव्हर लावला. आठ स्क्रू. तीन फिरले. चौथ्याचं डोकं मोडलं. "किती वेळ?" दारातून कादिर ओरडला, आणि उत्तराची वाट न बघता तोही सरपटत आत आला. फळ्या किंचाळल्या. त्याने ओळ वाचली. ओठ हलवत, हळू, पहिलीतल्या पोरासारखं. मग त्याने हातोडा हिसकावून घेतला आणि पाटीच्या कडेत छिन्नी घालून घाव घालायला लागला.

घाव! घाव! खालून पोलाद कण्हलं. अख्खा मागचा भाग वीतभर खाली बसला. फटीतून खारं पाणी उसळून दोघांच्या तोंडावर आलं.

"कादिर, सोड."

"माझ्या बापाचं नाव आहे त्याच्यावर." घाव! "चोर नेतील, कटर कापतील." घाव! "माझ्या घरात त्याचा एक फोटो नाही."

मोहियुद्दीनने थैलीतून पांढरा तुकडा काढला. पाटीवर ताणून धरला. खरवडलेला शेंदूर मुठीत घेऊन वरून चोळला, तळहात सोलवटेपर्यंत चोळला. कापड लाल होत गेलं, आणि खाचांवर अक्षरं पांढरी उरत गेली. उमर. नको. अकरा.

"हे घे," तो म्हणाला. "आता मी नको म्हणतोय. तुझ्या बापाने ऐकलं नाही. तू ऐक."

कादिरने पाटीच्या कडेतून छिन्नी काढली. हातोडा हातात तसाच. मग त्याने तो फटीतून खाली सोडला. काळ्या पाण्याने तो गिळला.

पुढचं सगळं धावतं! फळ्या, चौकट, भट्टी, भगदाड. मोहियुद्दीनचा पाय तुटक्या पत्र्यात अडकला. पोटरी चिरली. या वेळी कादिरने हात दिला. खरं तर ओढलंच, गोण ओढावी तसं. कड्यावर कमरेइतक्या लाटा फुटत होत्या. पद्मिनीने होडी प्रवाळाच्या तोंडाशी आणली, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि तिसरीच्या पाठीवर पुढे घातली. दोघं आडवे होडीत पडले. मागे एक लांब, खोल आवाज झाला. वळून पाहिलं तर हवावालीची नाळ आभाळाकडे उठत होती. क्षणभर ती तशी ताठ उभी राहिली, ठरल्या जागी उभी असायची तशीच. मग सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखी, काळ्या पाण्यात उतरली.

रविवारी येणाऱ्यांसाठी कड्यावर गंजाचा एक डाग उरला.

अस्रची अजान होताना ते बंदरात लागले. कादिरने कापड डेकवर पसरलं, चार कोपऱ्यांवर जाळ्याची चार शिसं ठेवली आणि पद्मिनीचा फोन मागितला. दाभोळला मोहियुद्दीननेच लावून दिला. पलीकडे चौऱ्याऐंशी वर्षांचा खरखरीत श्वास.

"चाचा, मी उमरचा कादिर."

म्हातारा ठाम, पाठ केल्यासारखा म्हणाला, "दोर मी तोडला."

"नाही चाचा. ओळ वाचली मी."

श्वास थांबला, परत सुरू झाला. कादिरने डोळे पुसले नाहीत, वाऱ्यावर वाळू दिले. पलीकडून सारंगाने विचारलं,

"आज वारा कुठला होता?"

कादिरने पद्मिनीकडे पाहिलं. तिने बोटाने दिशा दाखवली, मग वारामापक त्याच्यासमोर धरलं.

"वायव्य," कादिर म्हणाला. "चौतीस नॉट. तिघंही परत आलो."

"लिहून ठेव," म्हातारा म्हणाला.