राजसबाईंची रांग

संध्याकाळी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात अनय आणि रंजनी दोघंच उरले होते. काम रोजचंच होतं. शहरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मनगटावर त्यांनी दिलेला पट्टा असे. नाडीचा प्रत्येक ठोका क्लाउडमधल्या सर्व्हरकडे जाई, आणि ठोका चुकला की शेजाऱ्याचा फोन वाजे. परदेशातली नोकरी सोडून अनयने हे उभं केलं होतं. कुणी एकटं मरू नये, एवढंच त्याला हवं होतं. आता मात्र डोळे चुरचुरत होते आणि शिळ्या कॉफीचा वास शर्टाला चिकटला होता.

"ठोक्यांची रांग वाढतेय," रंजनी म्हणाली.

"आणखी सर्व्हर लाव."

"लावले रे! तुझं आपलं, पाहुणे वाढले की सांबारात पाणी. एकच रांग तुंबलीय."

एका माणसाचे ठोके क्रमानेच मोजावे लागत, म्हणून ते कायम एकाच रांगेतून जात. त्याच रांगेत इतरही माणसं असत. पुढचा अडला की मागचे सगळे खोळंबायचे. मग बाजूला कितीही सर्व्हर उभे करा. आणि या रांगेत मागे कुठेतरी तांबरमला एकटे राहणारे राममूर्ती होते. रंजनीचे अप्पा.

"पुढे कोण अडलंय?"

रंजनीने नाव वाचलं आणि कीबोर्डवरचा हात काढून घेतला. "राजसबाई... वेस्ट मांबलमच्या."

राजसबाई उन्हाळ्यातच गेल्या होत्या. तेव्हाही रांग अशीच तुंबली होती. शेजारणीचा फोन वाजेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

अनयने खण उघडला. त्यांच्या घरच्यांनी परत केलेला पट्टा तिथेच होता, बॅटरी काढलेला. त्याने तो उचलला. पट्टा कोमट होता, आणि त्याला सुकलेल्या मोगऱ्याचा वास येत होता.

पडद्यावर राजसबाईंचे ठोके एकावर एक आदळत होते. बंद दारावर कुणी थापा माराव्यात तसे.

"त्यांना रांगेतून काढ," तो म्हणाला.

"नको रे... माणूस आहे ते."

"अगं, तुझे अप्पा मागे अडकलेत!"

तिने काढलं. रांग सरसर मोकळी झाली. अप्पांचे ठोके आले, अगदी नीट. तरी तिने फोन लावलाच.

"मी बरा आहे, कण्णा," अप्पा म्हणाले. "तुझ्या ऑफिसातली बाई आलीय, तिला कापी देतोय."

"कोण बाई, अप्पा?"

"म्हातारी आहे ग, पावम, बिचारी. किती वेळ रांगेत उभी होती म्हणे... आत्ताच सोडलंत तिला. माझं मनगट धरून बसलीय. हात किती गार..."

फोन कट झाला. रंजनी पर्स तिथेच टाकून जिन्याकडे धावली.

अनय अप्पांच्या शेजाऱ्याला फोन लावत राहिला. तो उचलत नव्हता. पडद्यावर अप्पांच्या नावापुढे आता प्रत्येक ठोक्यामागून दुसरा ठोका पडत होता, जरासा उशिरा. पट्टा एकच, नाव एकच.

थोडा वेळ दोन्ही बरोबरीने चालले. मग पहिला अडखळला... आणि थांबला.

दुसरा संथपणे चालूच राहिला. पडदा हिरवाच होता. सिस्टिमच्या लेखी कुणाचाच ठोका चुकला नव्हता.