शिंगावरचे दात

ही गोष्ट घडलेली आहे. शपथ घ्यायची गरज नाही, कारण ज्याच्यावर ती गुदरली तो भुताखेतांच्या नावाने नाक मुरडणारा माणूस. आजही मुरडतो.

फक्त हल्ली आधी मागे वळून बघतो.

रविवार होता. कलती दुपार. गिटार-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. आत काका आणि पुतणी, मधे टेबलावर बेस गिटार.

गिटार काकाच्या थोरल्या भावाची, म्हणजे पुतणीच्या बाबांची. दुकानही त्यांनीच काढलेलं. ते गेल्या वर्षी वारले. पुतणीच्या बँडला गाणी अगदी खर्जात वाजवायची होती आणि पहिलाच कार्यक्रम त्या संध्याकाळी होता. दुसरी गिटार नव्हती.

"जाड तारा लागतील," काका म्हणाला. "त्यांच्या खाचा रुंद करायच्या, मानेतली सळई सैल करायची. तुझ्या बापाला सात जन्मांत जमलं नसतं."

"तुला बाबांनीच शिकवलं ना?"

"शिकवलं, डोंबल! शेवटी ठार बहिरा झाला होता. गिटारीला चावून ऐकायचा. त्यापेक्षा उंदीर बरा."

चावायचे हे खरं. गिटारीच्या धडाला मानेच्या दोन्ही बाजूंना शिंगासारखी टोकं असतात; कान गेल्यावर ते त्यातलं वरचं शिंग दातांत धरायचे आणि तार छेडायचे. थरथर दातांतून डोक्यात जायची. तार मानेवरच्या कुठल्या फ्रेटला, म्हणजे धातूच्या पट्टीला, घासतेय ते त्यांना नेमकं कळायचं. शिंगावर त्यांच्या दातांचे व्रण होते. त्यातला एक तिरका, कारण पुढचा एक दात वाकडा होता.

काकाने आधी ते शिंगच पॉलिश-पेपरने घासायला घेतलं.

"राहू दे ना, काका. बाबांच्या खुणा आहेत."

"लाळ आहे ती. वारसा नाही."

व्रण गेले. शिंग गुळगुळीत झालं. मग त्याने खाचा कानशीने रुंद केल्या, जाड तारा चढवल्या, सळई सैल केली. ट्यूनरचा काटा बरोब्बर मधे.

त्याने सगळ्यात जाड तार छेडली.

खर्र...

त्याने तार जराशी उचलली.

खर्र...

प्रत्येक फ्रेट बोटाने चाचपला. प्रत्येक स्क्रू पिळून पाहिला. कुठेच काही सैल नव्हतं. पुतणी घड्याळाकडे बघत होती. वैतागून काकाने सगळ्या तारांवर तळहात दाबला.

तारा गप्प झाल्या.

खर्र... चालूच.

"लाकूड भिकार आहे," काका म्हणाला. पण हळू आवाजात.

"काका... दात लावून बघ ना."

"मी? त्या बहिऱ्याचे चाळे मी करू?"

"मला निघायचंय रे." तिचे डोळे भरले होते.

शिव्या पुटपुटत त्याने घासलेलं शिंग दातांत धरलं. तार छेडली.

कवटीत खर्ज घुमला. आणि लख्ख कळलं... सातव्या फ्रेटचं टोक केसभर उचललेलं. आत्ताच तर बोट फिरवलं होतं तिथून!

तार थांबली.

त्याच्या डोक्यातला आवाज थांबला नाही.

श्वास होता तो. संथ... दातांच्या फटीतून येणारा. लाकडाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असंच चावून ऐकत होतं.

काका झटक्यात मागे सरला. छोट्या हातोडीने फ्रेटचं टोक बसवलं. तार छेडली. स्वच्छ, खोल, गोल आवाज.

"बघ," तो ओठ पुसत म्हणाला. "याला म्हणतात काम."

पुतणीने गिटार उचलली. पिशवीत घालता घालता थबकली.

"काका, तू वरच्या शिंगाला चावलास ना?"

"मग?"

"मग खालच्या शिंगावर हे काय?"

दातांचे व्रण. ताजे. त्यातला एक तिरका.

तिने अंगठा फिरवला. अंगठा ओला झाला.

"उंदीर असेल," काका म्हणाला. "नीघ तू, उशीर होतोय."

ती गेली. त्या संध्याकाळी ती फार सुंदर वाजवत होती म्हणे.

तेव्हापासून काका कुठल्याच गिटारीचं शिंग घासत नाही. टेबलाखाली त्याने उंदरांचा सापळा आणून ठेवलाय. गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवतो.

त्यात आमिष मात्र कधीच नसतं.