ऐका हो शिपाई

आगरदांड्याच्या जेट्टीवर मला खाकी हाफपँटीतल्या एका शिपायानं काठी आडवी घालून थांबवलं.

"अहो, मावशीकडं दिघीला जायचंय... फेरी सुटंल माझी!"

"शॉट चाललाय, मॅडम. आत्ता इथं इंग्रजांचं राज्य आहे," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

वळून पाहिलं. गळ्यात हेडफोन, उन्हानं रापलेलं नाक, आणि डोळे असे, जणू किनाऱ्यावर यावं की परत फिरावं, हे लाटेचं ठरतच नसावं. प्रज्योत. सिनेमाचा सहायक दिग्दर्शक, पनवेलचा.

समोर गोरा अधिकारी एका बाईवर खेकसत होता, "नवऱ्याचं नाव?"

"दत्तात्रेय!" ती फाडकन बोलली.

मला हसूच फुटलं. शॉट वाया गेला.

"हसलात का?" प्रज्योत.

"त्या काळातली आमची बाई नवऱ्याचं नाव असं घेईल व्हय? बंदूक रोखली तरी न्हाय. उखाण्यात घेईल."

दिग्दर्शकांनी ऐकलं, नि त्यांचे डोळे लकाकले. उखाणा लांबेल, साहेब ताटकळेल... अन् तेवढ्यात मागून क्रांतिकारकाची होडी निसटेल! ती बाई नुसती जागा भरायला उभी होती. काम माझ्याच गळ्यात पडलं.

मग काशीदच्या सुरूबनात आमची तालीम. प्रज्योत साहेब व्हायचा, नसलेल्या मिशीला पीळ भरायचा.

"नाव सांग!"

"साहेब असा लाजत न्हाय."

"आणि बाईही साहेबाकडे असं बघत नाही."

"असं — म्हंजे कसं?"

"...असंच."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. त्याच्या मनातलं त्यानं सांगितलं नाही, माझ्या ओठांतलं मी. आणि उद्या शेवटचा शॉट. मग युनिट मुंबईला. गेलेलं माणूस परत कशाला वळतंय?

दुसऱ्या दिवशी नऊवारी नेसून मी जेट्टीवर उभी राहिले. कॅमेऱ्याशेजारी तो. मागं होडी हलली.

"नाव बोल!" साहेब गरजला.

मी पदर सावरला...

"माडाच्या शेंड्याला नारळांचा भार,
साहेबाच्या टोपीला सोनेरी तार;
खाडीच्या पाण्याला भरतीची घाई,
प्रज्योतरावांचं नाव घेते, ऐका हो शिपाई!"

आधी शिपाईच खदखदले. होडीतला क्रांतिकारक पळायचं विसरून वळून बघायला लागला. "अगं बये, दत्तात्रेय!" दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला.

मी पदरात तोंड लपवलं. प्रज्योत जवळ आला. कानांच्या पाळ्या लालबुंद.

"प्राप्ती... नाव चुकलं तुझं."

पहिल्यांदाच 'तुझं' म्हणाला तो. मी मान वर केली.

"सिनेमात चुकलं असंल. माझं बरोबर हाय."

त्यानं गळ्यातला हेडफोन काढून हातात घेतला. मग म्हणाला, "युनिट जाऊ दे पुढं. तुझ्या आईबाबांना भेटल्याशिवाय मी काय जात... न्हाय."

पनवेलकराच्या तोंडी तो 'न्हाय' इतका वेडावाकडा आला — आणि इतका गोड!