नळीला घाम फुटला!

“जोरी, इकडे ये. नाक आत घाल आणि सांग, कसला वास येतोय?” टॅम्सिनने शेडचं दार वीतभर उघडलं.

जोरीने नाक खुपसलं. “पेट्रोलचा! गाडीच्या शेडमध्ये पेट्रोलचा वास! ताई, काय शोध लावलास गं!”

“गाढवा, खिडक्या रात्रभर उघड्या होत्या. टाकीचं झाकण घट्ट आहे. खाली एक थेंब नाही. मग वास येतोच कुठून?”

दहा वर्षांच्या जोरीचं हसू मावळलं.

आत डेन्झिल आजोबांची लाल गाडी उभी होती. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका बंदरगावात राहून आजोबांनी सहा वर्षं खपून ती स्वतःच्या हातांनी बांधली होती. सांगाडा स्वतः जोडलेला, इंजिन भंगारातल्या व्हॅनचं, सीटा एका जुन्या होडीच्या. जूनमध्ये सरकारी तपासणी पार पडली, आणि येत्या शनिवारी गावच्या जत्रेच्या मिरवणुकीत ती पहिल्यांदा धावणार होती. आजोबांच्या शेजारी बसायचा मान जोरीचा!

टॅम्सिनने टाकीपासून इंजिनापर्यंत गेलेल्या काळ्या रबरी नळीवरून कागदी रुमाल फिरवला. रुमाल ओलसर झाला. ना भोक, ना चीर!

“हिला घाम फुटलाय,” ती पुटपुटली. आणि नळी तर सायलेन्सरच्या पाइपापासून जेमतेम चार बोटांवर. गाडी चालू झाली की तो पाइप तव्यासारखा तापणार!

न्याहारीला टोस्ट हातात धरून ती टेबलाभोवती फेऱ्या मारत होती.

“अगं, बस की जरा! पायाला भिंगरी लागलीय का?” आजोबा म्हणाले. “पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा वास येणारच. कोळंबीचा यायला हवा होता काय?”

क्लेममामा खो खो हसला. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा त्याचा स्टॉल होता. तपासणीनंतर त्यानेच जुनी नळी काढून ही नवी घातली होती, आजोबांच्या वाढदिवसाची भेट म्हणून. “वाच तिच्यावर काय छापलंय! नव्या पेट्रोलसाठी खास! निम्म्या भावात मिळाली मला. अख्खं वेटोळंच उचललं!”

टॅम्सिनला राहवेना. सायकल काढून ती आणि जोरी थेट गॅरेजवर पोहोचले. गॅरेज नॅन्सबाईंचं, आणि त्यांची मुलगी केरेन्सा टॅम्सिनची वर्गमैत्रीण.

सगळा प्रकार ऐकून नॅन्सबाईंनी आपल्याकडची एक नळी कापून तिचं टोक मुलांपुढे धरलं. “आत बघा. बाहेरचं जाड रबर आणि आत वेगळ्या रंगाचं पातळ अस्तर. दिसलं? पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं. ते साध्या रबरात मुरतं, रबर फुगवतं. या अस्तरापुढे मात्र त्याची डाळ शिजत नाही. नळीवर काय, कुणीही काहीही छापतं. कापलेलं टोक खोटं बोलत नाही!”

“आणि मामाच्या नळीचं टोक?” केरेन्साने विचारलं.

नॅन्सबाईंनी लगेच क्लेमला फोन लावला. दहा मिनिटांत तो उरलेलं वेटोळं खांद्यावर टाकून, तणतणत हजर! “नॅन्सबाई, स्वतःची महाग नळी खपवायला पोरांना भडकवता होय?”

टॅम्सिनने टोकात डोकावून पाहिलं. आरपार काळं, एकसंध. अस्तराचा पत्ता नाही! पण ते सांगितलं असतं तर मामा अजूनच चिडला असता. ती गोड आवाजात म्हणाली, “मामा, तुझी नळी एवढी भारी आहे, तर चार दिवस पेट्रोलात बुडवायला हरकत नसेल ना?”

“हरकत? चाळीस दिवस बुडवा!”

त्याने स्वतःच तुकडा कापून बरणीत टाकला. नॅन्सबाईंनी दुसऱ्या बरणीत आपला तुकडा टाकला, दोन्हींत पंपावरचं पेट्रोल भरलं आणि झाकणं लावली. झाकणांवर पट्ट्या चिकटल्या. मामाने त्यावर झोकदार सह्या ठोकल्या. “शनिवारी मीच उघडणार!”

“आणि तोवर गाडी सुरू झाली तर?” टॅम्सिनने विचारलं.

“होणार नाही. तिची बॅटरी माझ्याकडे चार्जिंगला आहे,” नॅन्सबाई म्हणाल्या.

बुधवार सरता सरेना. गुरुवार त्याहून लांब. शुक्रवारी टॅम्सिन इतक्या वेळा गॅरेजवर गेली, की केरेन्सा म्हणाली, “इथेच राहायला ये, बाई!”

शनिवारी सकाळी दोघी गॅरेजवर पोहोचल्या, तर चार्जिंगचं टेबल रिकामं!

“अहो, क्लेम मघाशीच बॅटरी घेऊन गेला की,” तिथला म्हातारा मेकॅनिक म्हणाला. “मला वाटलं, ठरलेलंच आहे!”

“आई! बरण्या घे! चल!” केरेन्सा किंचाळली.

नॅन्सबाईंची व्हॅन अंगणात शिरली, तेव्हा आजोबा टोपी घालून गाडीत बसले होते. हात चावीवर. शेजारची सीट मात्र रिकामी.

“अरे, किती वेळ?” आजोबा ओरडत होते.

“अजून झाली नाही!” संडासातून जोरीचा आवाज आला. “खूप सरबत प्यायलोय!”

टॅम्सिनच्या जिवात जीव आला. शाबास रे पठ्ठ्या!

“आजोबा, चावी फिरवू नका! मामा, ही सही कुणाची?”

बरणीचा मामाला पार विसर पडला होता. “माझीच. दे इकडे!” नॅन्सबाईंनी गाडीपासून लांब, भिंतीपलीकडे पत्र्याचं घमेलं मांडलं. मामाने हातमोजे चढवले, पट्टी फाडली आणि चिमट्याने तुकडा बाहेर काढला.

तुकडा चांगला दीडपट फुगला होता! मामाने तो जरासा वाकवला, तर ओल्या बिस्किटासारखा फाटला. छापलेली अक्षरं हातमोज्याला लागून आली.

दुसऱ्या बरणीतला तुकडा होता तसाच होता.

तेवढ्यात जोरी बाहेर आला. “मामा, तुझ्या नळीची गोगलगाय झाली!”

कुणीच हसलं नाही. आजोबा सावकाश उतरले. त्यांनी बॅटरीची तार सोडवली आणि गाडीखालच्या नळीवरून आपला पांढरा रुमाल फिरवला. ओला. त्यांनी जवळच्या सायलेन्सरकडे पाहिलं, मग जोरीकडे. त्याला त्यांनी एवढं घट्ट धरलं की तो कुरकुरला.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मी... मी ही आणखी पाच जणांना विकलीय!” त्याने फोन काढला. एकेकाला तो सांगत राहिला, “गाडी सुरू करू नका. चूक माझी आहे.”

नॅन्सबाईंनी पेट्रोल उपसलं. नवी नळी टॅम्सिनने कापली, टोक उजेडात धरून अस्तर तपासलं आणि मगच आजोबांच्या हाती दिली. सायलेन्सरपासून पुरती हातभर लांबून तिची वाट काढली.

लाल गाडी बंदरावर पोहोचली, तेव्हा मिरवणूक संपून बँडवाले आइस्क्रीम खात होते. पण गाडी दिसताच त्यांनी कोन बाजूला ठेवून पुन्हा तुताऱ्या उचलल्या! पोरांनी धक्क्यावर एकच गिल्ला केला!

“या पोरीचं मी ऐकलं असतं, तर बॅटरीला हातही लावला नसता,” मामा सगळ्यांसमोर म्हणाला. “आज माझ्या हातून बाबा आणि जोरी...”

आजोबांनी इंजिन बंद केलं आणि टॅम्सिनला जवळ बोलावलं. “सहा वर्षं मला वाटत होतं, या गाडीतलं सगळं मला कळतं. उद्या सकाळी लवकर ये. ब्रेकच्या नळ्या तू तपासायच्या. तू ठीक म्हणालीस तरच मी गाडी चालवेन.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“मी?” आजोबा म्हणाले, “मी टॉर्च धरेन!”